डॉक्टर, आम्हाला नेमकं सांगा
महाराष्ट्रातल्या नेत्रतज्ज्ञांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,


गेल्या महिन्यात एका बुधवारी, वाचनालय उघडायच्या वेळेला, एक तरुण जोडपं दारात उभं होतं. बाईच्या खांद्यावर पाच महिन्यांची मुलगी होती आणि तिच्या टोपऱ्याखालून कापसासारखं जावळ डोकावत होतं. नवरा म्हणाला, “ताई, स्टँडवर कुणीतरी सांगितलं, तुम्हालाही असंच आहे. म्हणून आलो.” त्यांनी पिशवीतून दोन दवाखान्यांचे कागद काढले. पहिल्या ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, याला काही करता येत नाही, वर्षाने या. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं होतं, पोरगी जरा मोठी झाली की डोळ्यांचं ऑपरेशन करून टाकू, नजर येईल. दोन्ही कागद टेबलावर ठेवून त्याने मला एवढंच विचारलं, “यातलं खरं कोणतं?”

दोन्ही खरं नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. वय बावन्न. केस, भुवया, पापण्या जन्मापासून पांढऱ्या. कातडी दुपारच्या उन्हात बघता बघता लाल होते. डोळे सतत आडवे हलत असतात, मी झोपल्यावर तेवढे थांबतात. शाळेत मला ‘भुरी’ म्हणत, बाजारात बायका ‘इंग्रजीण’ म्हणत, आणि लग्नाच्या वयात दोन घरांनी ‘कोड आहे’ म्हणून पाय मागे घेतला. या अवस्थेचं नाव अल्बिनिझम, मराठीत वर्णहीनता. कोड वेगळं, हे वेगळं. कोडात असलेला रंग जातो, आमच्यात तो मुळातच तयार होत नाही किंवा फार थोडा होतो. हे नाव मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं, तेही तुमच्यापैकी कुणाकडून नाही. वाचनालयातल्या एका ज्ञानकोशाच्या पानावर ते सापडलं.

त्या जोडप्याला मिळालेली दोन्ही वाक्यं मी आयुष्यात वेगवेगळ्या वेळी ऐकली आहेत. त्यांची किंमत काय असते ते आधी सांगते.

मी आठ वर्षांची असताना आई मला एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, मी किंचाळून तोंड फिरवलं. ते आईला म्हणाले, “जन्मजात आहे. काही होणार नाही.” चष्म्याचा नंबरसुद्धा त्यांनी तपासला नाही. तीन वर्षांनी गावातल्या चष्मेवाल्या काकांनी आपणहून मला दुकानात बोलावलं, एकामागून एक काचा लावून पाहिल्या आणि जाड भिंगांचा, हलक्या तपकिरी रंगाचा चष्मा करून दिला. तो घालून मी घरी चालले होते. वाटेतल्या पिंपळाला पानं वेगवेगळी असतात हे मला त्या संध्याकाळी दिसलं. तोवर पिंपळ म्हणजे माझ्यासाठी एक हिरवा ढीग होता. चष्म्याने माझी नजर पूर्ण झाली नाही. आजही चष्मा लावून ती ६/३६ आहे, म्हणजे तुम्ही जे छत्तीस मीटरवरून वाचता ते मला सहा मीटरवरून वाचावं लागतं. पण पिंपळाला पानं आली. ‘काही होणार नाही’ या तीन शब्दांनी माझी शाळेची तीन वर्षं खाल्ली होती.

दुसरं वाक्य एकविसाव्या वर्षी भेटलं. स्थळं यायला लागली होती आणि माझा उजवा डोळा तिरळा होता. आणखी एका शहरातल्या एका डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं, “तिरळेपणा काढला की नजर सुधारेल.” वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं. ऑपरेशन झालं, टाके विरघळले, लाली उतरली आणि डोळे सरळ झाले. नजर मात्र जिथे होती तिथेच राहिली. वडील गेले तेव्हासुद्धा त्यांच्या मनात हेच होतं की मुलीचं ऑपरेशन फसलं. फार उशिरा मला उमगलं की ते फसलं नव्हतंच. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेने जे व्हायचं ते नीट झालं होतं. लोक माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांत बघायला लागले, मागे वळून ‘कुणाला म्हणतेय ही’ असं बघायचे थांबले. काउंटरवर बसून माणसांशी बोलण्याची नोकरी मी करू शकले, त्यात त्या सर्जनच्या हाताचा मोठा वाटा आहे. एका यशस्वी शस्त्रक्रियेला आमच्या घरात वीस वर्षं अपयश मानलं गेलं. त्याला कारण एकच, आधी सांगितलेलं एक चुकीचं वाक्य.

डॉक्टर, आमच्या डोळ्यांत काय आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. तरीही मी ते इथे लिहिते. हे पत्र तुमच्याबरोबर आईबापही वाचणार आहेत, आणि कुठली शस्त्रक्रिया कशासाठी हे समजायला आधी डोळा समजावा लागतो.

मेलॅनिन हे रंगद्रव्य फक्त कातडीसाठी नसतं. बाळ पोटात असताना डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, नीट घडायलाही ते लागतं. पडद्याच्या मधोमध एक बारीक खळी असते. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, दुरून चेहरा ओळखणं हे सगळं त्या खळीच्या जोरावर चालतं. आमच्या डोळ्यांत ती खळी अर्धवट राहते किंवा बनतच नाही. दुसरी गोष्ट नसांची. प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे निघालेल्या धाग्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त धागे वाटेत पलीकडच्या बाजूला जातात, उरलेले आपल्याच बाजूला राहतात. आमच्यात पलीकडे जाणाऱ्यांची संख्या खूप वाढते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळून खोली कळणं आम्हाला अवघड जातं आणि अनेकांचे डोळे तिरळे होतात. तिसरी गोष्ट नेत्रकंप, डोळ्यांचं हलणं. ते बहुधा बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर सुरू होतं आणि आई पहिल्यांदा घाबरते ती तेव्हाच. चौथी गोष्ट उजेड. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, परितारिका, खिडकीच्या जाड पडद्यासारखा उजेड अडवतो. आमचा तो पडदा मलमलीसारखा पातळ असतो. उजेड बाहुलीतून येतो तसाच तिच्या आजूबाजूनेही आत येतो, आणि आत रंग नसल्यामुळे शोषला न जाता इकडेतिकडे परततो.

आता या चार गोष्टींपुढे शस्त्रक्रिया ठेवून पाहू.

खळी बनवून देणारी शस्त्रक्रिया आज जगात कुठेही नाही. नसांची वाट बदलणारीही नाही. अल्बिनिझम असलेल्या माणसांची नजर बहुतेक वेळा ६/१८ ते ६/१२० या पट्ट्यात असते, आणि तिचं मुख्य कारण हेच. कुठल्याही चाकूने ती ६/६ होणार नाही. हे ऐकताना आईबापांच्या पोटात कालवाकालव होते, मला माहीत आहे. पण ते तुम्ही पहिल्या भेटीतच सांगायला हवं, हळुवार आवाजात आणि स्पष्ट शब्दांत. हे कळलं की पुढचं सगळं ऐकायला मन मोकळं होतं.

कारण पुढे बरंच काही आहे. माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. माझ्या भावाचं लग्न मामाच्या मुलीशी झालं, आमच्याकडे ही रीत आहे. बहुतेक प्रकारांत अल्बिनिझम तेव्हाच होतो जेव्हा आई आणि वडील दोघांकडूनही ते जनुक बाळाला मिळतं. दोघं स्वतः धडधाकट दिसतात, तरी प्रत्येक गरोदरपणात चारात एक इतकी शक्यता असते. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याचा संभव वाढतो. भावाचा मुलगा माझ्यासारखाच जन्मला. वहिनीला ‘ग्रहण पाहिलं असशील’, ‘केशराचं दूध फार प्यायलीस’ असं सगळं ऐकावं लागलं. त्या बोलण्यात कणभरही तथ्य नाही, हे तिला एका डॉक्टरने खणखणीत सांगितलं असतं तर तिची कितीतरी रात्रींची रडारड वाचली असती.

हा पोरगा शाळेत गेला तसा एक नवाच त्रास दिसला. फळ्याकडे बघताना तो मान पूर्ण डावीकडे वळवायचा आणि डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यातून बघायचा. बाई रोज ओरडायच्या, “मान सरळ कर.” सरळ केली की त्याला अक्षर दिसायचं नाही. संध्याकाळी मान धरून रडायचा. नेत्रकंप असलेल्या अनेकांना एक विशिष्ट कोन सापडतो जिथे डोळे कमीत कमी हलतात. मूल तो कोन आपोआप शोधून काढतं. मान वाकडी करून बघणं ही खोड नव्हती, चार-पाच वर्षांच्या पोराने स्वतः शोधलेली ती उत्तम युक्ती होती.

आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आम्हाला पाऊण तास दिला. कागदावर दोन डोळे काढले आणि प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात ते दाखवलं. मग म्हणाले, “याचे डोळे ज्या बाजूला शांत होतात ती जागा आपल्याला समोर आणायची आहे. आडवं वळवणाऱ्या चार स्नायूंची जोडणी आपण बदलणार, काही मागे नेणार, काही घट्ट करणार. मान सरळ होईल. तक्त्यावर कदाचित एखादी ओळ वाढेल, कदाचित नाही. डोळे हलायचे थांबणार नाहीत. चष्मा राहील.” ही पद्धत नवी नाही. ऑस्ट्रेलियातल्या अँडरसन आणि अमेरिकेतल्या केस्टनबॉम यांनी १९५३ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. दोघांच्या नावानेच ती आजही ओळखली जाते. पुढे १९९० च्या दशकात लुई डेलोसो आणि रिचर्ड हर्टल यांनी आणखी एक विचार पुढे नेला: ज्यांना असा शांत कोन एका बाजूला नाही, त्यांच्या स्नायूंची टोकं सोडवून पुन्हा त्याच जागी शिवली, तर डोळ्यांची हालचाल सौम्य होऊन नजर एका जागी टिकण्याचा वेळ वाढतो. तक्त्यावर फरक थोडा दिसतो. पण माणूस चेहरा, पाटी, येणारी गाडी थोडी लवकर ओळखू लागतो, आणि रस्ता ओलांडताना हे ‘थोडं लवकर’ फार मोलाचं असतं.

भाच्याचं ऑपरेशन तो सात वर्षांचा असताना झालं. मान सरळ झाली. नजर ६/३६ वरून ६/२४ वर आली. डोळे हलतात, चष्मा आहे. जे सांगितलं होतं, तेच आणि तेवढंच झालं. घरी आल्यावर भावाने पेढे वाटले. माझ्या ऑपरेशननंतर वडिलांनी मान खाली घातली होती. दोन्ही शस्त्रक्रिया यशस्वी होत्या. फरक पडला होता तो ऑपरेशन थिएटरच्या बाहेर झालेल्या पाऊण तासाच्या बोलण्याने.

याच डॉक्टरांनी एक प्रश्न असा विचारला की मी चकित झाले. “याला लगेच काळे-निळे डाग पडतात का? नाकातून रक्त येतं का? दात पडला तेव्हा रक्त लवकर थांबलं होतं ना?” नंतर वाचलं तेव्हा कारण कळलं. चेकोस्लोव्हाकियातल्या हेरमान्स्की आणि पुडलाक या डॉक्टरांनी १९५९ मध्ये अल्बिनिझमचा एक प्रकार नोंदवला, ज्यात रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांमध्येच दोष असतो. बिंबिकांची संख्या भरते, नेहमीचे रिपोर्ट चांगले येतात, आणि तरी शस्त्रक्रियेत रक्त लवकर थांबत नाही. हा प्रकार दुर्मीळ आहे. पण माझ्या एकविसाव्या वर्षी मला हे कुणी विचारलं नव्हतं. हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. आमच्यापैकी कुणाच्याही अंगाला चाकू लावण्याआधी, दात काढण्याआधीसुद्धा, ते एक मिनिट द्या.

आता उजेडाबद्दल. आमच्यापैकी पुष्कळांना विचारलंत तर कमी दिसण्यापेक्षा उजेडाचाच त्रास जास्त म्हणतील. दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना नजरेची तीव्रता आणि नजरेचा घेर बघतात. मंद उजेडाच्या खोलीत तक्ता वाचून माझी नजर ६/३६ भरली. मे महिन्यात दुपारी बाराला एसटी स्टँडवर ती किती असते, हे आजवर कुणी मोजलेलं नाही. तिथे समोर बस उभी असते आणि मला नुसता पांढरा धूर दिसतो. डोळे आपोआप मिटतात, पाणी येतं, आणि मी पाटी वाचायच्या ऐवजी कंडक्टरचा आवाज ऐकून गाडी धरते.

या त्रासावर कृत्रिम परितारिका हे नाव अलीकडे वरचेवर कानावर येतं. जर्मनीतल्या ह्युमनऑप्टिक्स कंपनीची, सिलिकॉनची, घडी घालता येणारी, प्रत्येक रुग्णासाठी रंग जुळवून बनवलेली ही चकती अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१८ मध्ये मान्य केली. जन्मतः परितारिका नसलेल्यांसाठी, तसंच इजा, गाठीची शस्त्रक्रिया किंवा अल्बिनिझम यांमुळे परितारिकेत दोष असलेल्यांसाठी ती आहे. मान्यतेआधीच्या अभ्यासात ३८९ रुग्ण होते आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी उजेडाचा आणि डोळे दिपण्याचा त्रास लक्षणीय कमी झाल्याचं सांगितलं. ही खरोखर आनंदाची बातमी आहे. उजेडाच्या त्रासाला कुणीतरी त्रास म्हणून मोजलं, हेच मला मोठं वाटलं.

पण ही बातमी अर्धीच सांगितली तर ती घातक ठरते. ते ३८९ रुग्ण सगळे आमच्यासारखे नव्हते, परितारिकेचे नाना दोष त्यांत होते. ही चकती डोळ्याच्या नैसर्गिक भिंगाच्या जागेपाशी बसते, म्हणून ती मुख्यतः मोतीबिंदू काढताना किंवा आधीच काढलेला असताना बसवायची गोष्ट आहे. भिंग निरोगी असलेल्या मुलाला ती बसवायची तर आधी त्याचं चांगलं भिंग काढावं लागेल. डॉक्टर, आम्ही पुस्तक नाकाशी आणून वाचतो. तीच आमची सगळ्यात जुनी, फुकटातली दुर्बीण. ती चालते नैसर्गिक भिंगाच्या लवचीकपणावर. मुलाचं भिंग काढलं की आपण त्याची ती दुर्बीणच काढून घेतो. शिवाय चकतीची बाहुली ३.३५ मिलिमीटरवर कायमची थांबलेली असते, अंधारात मोठी होत नाही. आणि उजेड फक्त परितारिकेतूनच त्रास देतो असंही नाही, आतल्या बिनरंगी थरांवरून उजेड परततोच. म्हणजे त्रास कमी होईल, संपणार नाही. मोतीबिंदू झालेल्या प्रौढ माणसाला हे सगळं समजावून, डोळा नीट तपासून, ही शस्त्रक्रिया देऊ केली तर ती मोठी देणगी ठरू शकते. पाच वर्षांच्या पोराच्या बापाला ती ‘फॉरेनचा इलाज’ म्हणून सांगणं हा अन्याय आहे.

याहून वाईट गोष्टही बाजारात आहे. डोळ्यांचा रंग बदलायच्या हौसेपायी नैसर्गिक परितारिकेच्या पुढच्या पोकळीत बसवतात ती सौंदर्याची चकती. मोबाइलवर तिच्या जाहिराती दिसतात आणि आमच्यातली पोरं विचारतात, “आत्या, हे घातलं तर डोळे काळे होतील, उजेडही अडेल ना?” नाव सारखं, रूप सारखं, पण वस्तू अगदी वेगळी. ती काचबिंदू देते, आत सूज आणते, बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशी मारून ते पांढरं करते, आणि कित्येकांची उरलेली नजरही घेऊन जाते. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने अशा रंग बदलणाऱ्या शस्त्रक्रियांविरुद्ध लोकांना जाहीर इशारा दिला आहे. आपल्याकडे असा इशारा मराठीत, दवाखान्याच्या भिंतीवर, साध्या शब्दांत मी अजून वाचलेला नाही. तो तुम्ही लावा. ज्याच्याकडे मुळात थोडीच नजर आहे, त्याला ती पणाला लावू देऊ नका.

शस्त्रक्रियेआधीच्या पायऱ्या तर अनेकदा चढल्याच जात नाहीत. बाळ काही महिन्यांचं असतानाच नंबर तपासून चष्मा देता येतो, कारण आमच्यात मोठे नंबर आणि वाकडे नंबर फार असतात. गडद काचांचा चष्मा, कडेने उजेड अडवणारी फ्रेम, मोठ्या कडेची टोपी. कडेला रंग आणि मध्ये मोकळी बाहुली असलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स: त्या लावून पाहिल्या की उजेड अडल्याने त्या माणसाला कितपत आराम पडतो हे कळतं, आणि नाही पटलं तर काढून ठेवता येतात. चाकूचं तसं नसतं. जवळचं वाचायला घुमटाकार भिंग, फळा वाचायला एका डोळ्याची छोटी दुर्बीण. मान वळवणाऱ्या मुलाला वर्गात योग्य बाजूला बसवणं: डावीकडे मान वळवणारा माझा भाचा वर्गाच्या डाव्या बाजूला बसला असता, तर फळा आपोआप त्याच्या उजवीकडे आला असता आणि मान बरीच सरळ राहिली असती. एक बाक हलवायचा होता. हे आम्हाला डॉक्टरांनी दाखवलं, शाळेला कुणी दाखवायला हवं होतं?

म्हणून मी हात जोडून काही गोष्टी मागते.

पहिली, बाळाचे केस आणि डोळे पाहून निदान झालं की त्या आजाराचं नाव मराठीत लिहून द्या. नाव नसलं की गाव नाव ठेवतं.

दुसरी, शस्त्रक्रिया सुचवताना दोन रकाने करा: यातून काय होईल आणि काय होणार नाही. ते बोला आणि लिहूनही द्या. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी ते वाचून दाखवा.

तिसरी, नंतर मोजताना फक्त तक्ता मोजू नका. मान किती सरळ झाली, उन्हात डोळे किती वेळ उघडे राहतात, समोरच्याचा चेहरा ओळखायला किती वेळ लागतो, हेही लिहा. आमचं सुख-दुःख त्या रकान्यांत आहे.

चौथी, रक्ताचा तो प्रश्न विचारा.

पाचवी, सरकारी सेवेत असलेल्यांना. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीची पथकं त्यातून जातात. ज्या बाळाचे केस पांढरे आणि डोळे हलते, ते बाळ त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या केंद्रावर पोचावं, एवढं त्या पथकाला शिकवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, अल्बिनिझम त्यांत स्वतंत्रपणे नाही. आमच्या मुलांना जे मिळतं ते अल्पदृष्टीच्या दाखल्यावर: परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका. म्हणून तुमचा दाखला वेळेत आणि नीट लिहिलेला असणं हे त्या मुलाच्या दृष्टीने एखाद्या शस्त्रक्रियेइतकंच मोठं काम आहे.

आणि सहावी, तुमच्या वार्षिक परिषदेत आमच्यासाठी एक तास राखा. १३ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१५ पासून अल्बिनिझमच्या जाणिवेसाठी दिला आहे. त्या आठवड्यात आम्हाला व्यासपीठावर बोलवा. कुठल्या शस्त्रक्रियेने आम्हाला खरंच काय मिळालं, हे आमच्याकडून ऐका.

डॉक्टर, माझ्या उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदूची सुरुवात आहे. वर्ष-दोन वर्षांत भिंग काढावं लागेल. तेव्हा कृत्रिम परितारिकेचा विचार करावा का, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला राहणार नाही. मी तुमच्यापैकी कुणाच्या तरी समोर खुर्चीवर बसलेली असेन. मला तेव्हा धीर नको, वचनही नको. मला दोन रकाने हवेत. ते भरलेले मिळाले तर निर्णय मी स्वतः घेईन आणि परिणाम काय होईल त्याचा दोष तुम्हाला देणार नाही.

त्या बुधवारी वाचनालयाचं दार मी दीड तास उशिरा उघडलं. बाहेर वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा ताटकळत होते. आत मी त्या जोडप्यासमोर एका कोऱ्या कागदावर दोन डोळे काढले, भाच्याच्या डॉक्टरांनी काढले होते तसेच. खळी दाखवली, स्नायू दाखवले, पातळ पडदा दाखवला. काय होणार नाही ते आधी सांगितलं. बाई रडली. मग काय होईल ते सांगितलं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, “म्हणजे चष्मा आत्तापासून लागेल? एवढ्या लहान डोक्याला मिळतो?” मिळतो, म्हटलं. तेव्हा त्या माणसाने आणलेले दोन्ही कागद पिशवीत ठेवले आणि माझा कागद घडी करून खिशात घातला.

माझ्या हातच्या त्या चित्रात चुका असतील. मी ग्रंथपाल आहे, डॉक्टर नाही. तो कागद तुमच्या हातचा असायला हवा होता.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल